गिरणगावातली 160 चौरस फुटांची खोली

सकाळची गाडी पकडून सफाळ्याहून मुंबई गाठणाऱ्यांत मूळची गिरणगावातली घरंही आहेत. मुलं मोठी झाली, खोली पुरेना, म्हणून ती वसई-विरार करत वैतरणेच्या पलीकडे आली. त्यांतल्या काहींची ती खोली बीडीडी चाळीतली, 160 चौरस फुटांची.

गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, 1920 साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, सुरू झालं. बॅकबेचा समुद्र हटवायचं वादग्रस्त कामही याच खात्याचं. गिरणी कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधायचा बेत होता आणि पैशासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर लावला गेला. बांधून झाल्या त्या 207 चाळी : वरळीला 121, नायगावला 42, ना. म. जोशी मार्गावर 32, शिवडीला 12. तळमजला आणि वर तीन मजले, चाळीत 80 खोल्या.

कामगार दाटीवाटीनं राहत होते, तरी कित्येक खोल्या सुरुवातीला रिकाम्या पडल्या. भाडं परवडेना, वरळी गिरण्यांपासून लांब. राहणाऱ्याला न विचारता घर बांधलं की असंच होतं. सविनय कायदेभंगात तर सरकारनं वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला आणि सत्याग्रहींना तिथे डांबलं.

पुढे मात्र खोल्या अशा भरल्या की एकेकीत दोन-दोन संसार. मधोमध लांबच लांब बोळ, दोन्ही अंगांना समोरासमोर दारं. बोळात उजेड बेताचाच. पण पाण्याची पिंपं तिथेच, चपलांचे ढीग तिथेच, पोरांचा अभ्यास आणि रात्रीची अंथरुणंही तिथेच. आराखड्यात ती नुसती जायची-यायची वाट होती. तिची राहती जागा केली ती रहिवाशांनी, आणि माझ्या लेखी या इमारतींतलं सर्वांत मोलाचं बांधकाम तेच. संडास मात्र अख्ख्या मजल्यात सामाईक. पहाटे रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांना विचारा. चाळीच्या आठवणींत रमताना हे विसरून चालणार नाही.

आता वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावर म्हाडाचा पुनर्विकास चालू आहे. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या, मालकीच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शिवडीच्या 12 चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर, म्हणून त्या या योजनेबाहेर राहिल्या. तिथल्या रहिवाशांनाही तेवढंच घर, त्याच हक्कानं मिळायला हवं.