‘होती’, ‘आसा’, ‘आसतली’ : नागार्जुनाची कालपरीक्षा वाचताना

नागार्जुनाच्या ‘मूलमध्यमककारिके’तील एकोणिसावे प्रकरण ‘कालपरीक्षा’. कारिका अवघ्या 6. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराच्या या कारिका वाचायला पाच मिनिटे पुरतात. पचवायला वर्षे लागतात.

युक्तिवाद असा. वर्तमान आणि भविष्य भूतकाळाच्या अपेक्षेनेच सिद्ध होतात. ‘काल’ मानला नाही तर ‘आज’ कशाच्या मानाने म्हणायचे? पण ज्याच्यावर विसंबायचे ते सोबत हवे. म्हणजे वर्तमान भूतकाळातच असला पाहिजे. आणि तिथे असेल तर तो वर्तमान कसला? शेवटी नागार्जुन विचारतो : काळ वस्तूंच्या आश्रयाने असतो, वस्तूंनाच स्वतंत्र अस्तित्व नाही, मग काळ कुठला?

इथे कार्यकर्ता अडखळतो. काळच नसेल तर आपल्या पिढ्यांनी जे सोसले त्याचे काय?

हा प्रश्न केवळ ग्रंथातला नाही. वालावलला कर्लीच्या काठी बसून जातीविषयी बोलायचे झाले तर मालवणीत तीन रूपे हाताशी आहेत : ‘होती’, ‘आसा’, ‘आसतली’. सगळा झगडा या तिहींचा. ज्याला जातीची झळ लागत नाही तो ‘होती’ म्हणून मोकळा होतो. ज्याला लागते तो ‘आसा’ म्हणतो. आणि जो थकला तो म्हणतो, ‘आसतलीच’.

संयुत्तनिकायातील निरुत्तिपथसुत्त इथे उपयोगी पडते. बुद्ध तिथे भाषेचे तीन मार्ग सांगतात. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान यांपैकी जे सरले त्याला ‘होते’ म्हणावे, जे उत्पन्न झाले आहे त्याला ‘आहे’, जे व्हायचे आहे त्याला ‘होईल’. एकाचा शब्द दुसऱ्याला लावू नये. कर्म आणि त्याचे फळ नाकारणारे उक्कलचे वस्स व भञ्ञ यांनीही हे मार्ग नाकारले नाहीत, असे बुद्ध बजावतात.

मग नागार्जुन याच्या विरुद्ध जातो काय? नाही. चोविसाव्या प्रकरणात तोच सांगतो की व्यवहाराचा आश्रय घेतल्याशिवाय परमार्थ शिकवता येत नाही. तो ‘होते’ आणि ‘आहे’ हे शब्द पुसत नाही. काळ ही आपोआप काम करणारी स्वतंत्र शक्ती आहे, हा भ्रम पुसतो. ‘काळ जाईल तशी जात जाईल’ या भाबड्या आशेचा आधारच त्यामुळे सुटतो. आणि ‘आसतलीच’ या निराशेचाही. कारण जे कारणांनी उभे राहिले ते कारणे मोडली की मोडते.

26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या 17व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. तरी 1955 साली तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला आणि 1989 साली अत्याचार प्रतिबंधाचा. संपलेल्या गोष्टीविरुद्ध कुणी कायदे करीत नाही. ‘होती’ हा शब्द आपल्याला कमवायचा आहे. तो उसना घेता येणार नाही.