कुंडींतील वृक्षाचें मृत काष्ठ व विजेचें हत्यार

झाडाची फांदी वठली म्हणजे ती बुडापासून छाटून टाकावी, हा आपणां बागाईतदारांचा परिपाठ. जपानांत कुंडींत खुजे वृक्ष वाढविण्याची बोन्साय नांवाची जी कला आहे, तींत मात्र वठलेलें लांकूड हेंच वृक्षाच्या वयाचें भूषण मानतात. तेथील डोंगरकड्यांवर शिंपाकु नांवाचा जुनिपर उगवतो. बर्फानें व वादळानें त्याच्या फांद्या मोडतात, साल निघून जाते, आणि राळयुक्त गाभा सहसा न कुजतां उन्हांत हाडासारखा पांढरा पडतो. अशा वठलेल्या फांदीस ‘जिन’ व खोडावरील उघड्या लांकडास ‘शारी’ म्हणतात. कुंडींतील वृक्षावर तेंच रूप कोरून आणतात.

इतकें लांकूड मेलें तरी वृक्ष जगतो कसा? गाभा हा केवळ आधार होय. जीव असतो तो सालींत व सालीखालच्या पातळ थरांत, आणि पाणी चढतें तें त्यालगतच्या ओल्या लांकडांतून. मुळापासून पाल्यापर्यंत दोनतीन बोटें रुंदीचा जिवंत पट्टा अखंड राहिला, तरी जुनिपर हिरवा राहूं शकतो. पट्ट्याच्या बाजूनें उभें कोरलें तर चालतें. पट्ट्यावर आडवा छेद गेला कीं वरचा भाग संपला.

पूर्वीं हें काम पटाशीनें व पकडीनें होई. टोकियोच्या १९२३ च्या भूकंपानंतर तेथील बोन्सायवाल्यांनीं १९२५ सालीं ओमिया येथें वसाहत केली. त्याच ओमियांतील मासाहिको किमुरा (जन्म १९४०) यांनीं विजेचीं कोरणयंत्रें हातीं घेऊन जाडजूड वृक्षांचीं रूपें पालटलीं, आणि तीं हत्यारें पुढें देशोदेशीं पसरलीं.

या हत्याराचा गुण तोच त्याचा दोष. पटाशी लांकडाच्या रेषेनें जाते व हाताला आंतली ओल कळते. यंत्राचें पातें मिनिटाला हजारों फेरे घेतें. त्याला मेलेलें व जिवंत सारखेंच.

हें मी स्वानुभवानें सांगतों. महसूल खात्यांतून निवृत्त झाल्यावर मीं बारा वर्षांच्या एका कुंडींतील चिंचेचा जुना खुंट पुतण्याच्या यंत्रानें कोरावयास घेतला. भुसा उडत होता, डौल येत होता, आणि त्या भरांत पातें केव्हां जिवंत सालीवर आडवें गेलें तें समजलें नाहीं. पंधरा दिवसांत शेंडा गळाला. दप्तरांत चुकीची नोंद झाली तर ती छेदून दुरुस्त करतां येते व खालीं सही करतां येते. येथें ती सोय नाहीं.

म्हणून ज्यांस हा नाद आहे त्यांनीं एवढें पाळावें. प्रथम जिवंत पट्ट्याच्या दोन्ही कडा खडूनें आंखाव्या व बोटभर जागा सोडून आंत कोरावें. झाड रोगट असतां किंवा नुकतेंच कुंडी बदललेलें असतां हात लावूं नये. कुंडी घट्ट बांधावी, यंत्र दोन्ही हातांनीं धरावें, डोळ्यांस चष्मा व नाकातोंडास फडकें असावें. सैल बाही व उपरणें दूर ठेवावें. यंत्रानें जाडभरडें काम करून शेवट हाताच्या पटाशीनें करावा, म्हणजे गोल व्रण राहत नाहींत. लांकूड सुकल्यावर चुना व गंधक उकळून केलेलें द्रावण, जें फळबागांत रोगांवर फवारतात, तें कुंचल्यानें लावावें. प्रथम पिवळें दिसतें, मग पांढरें होतें व कुजणें लांबतें. तें मातीवर किंवा जिवंत सालीवर सांडूं देऊं नये. उंबर-पिंपळाचें लांकूड मऊ. आपल्या पावसाळ्यांत तें टिकत नाहीं, तेव्हां त्यांवर हा प्रयोग न करणेंच बरें.

माझ्या चिंचेला बुडाशीं दोन धुमारे फुटले आहेत. यंत्र पुतण्यास परत दिलें; पटाशी मात्र जवळ ठेवली आहे.