आतड्याच्या काठाने जाणारी वाट

पहाटे साडेपाचला शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातून दुबईकडे निघणारा ड्रायव्हर एकाच रस्त्यावर विसंबत नाही. शेख मोहम्मद बिन झायेद रोड तुंबलेला दिसला की तो गाडी आत घालतो. गोदामांमागची गल्ली, टायरवाल्यांची रांग, गॅरेजांपुढचा तेलकट रस्ता, आणि मग कुठेतरी पुन्हा हमरस्ता. माझा मावसभाऊ पोटाचा सर्जन. पुण्याहून आला होता. त्याला विमानतळावर सोडायला निघालो आणि असेच आत वळलो, तेव्हा तो म्हणाला, “अरे, आतड्याचं रक्तही वेळ पडली तर असंच फिरतं.” गाडीत पडलेल्या एका पाठकोऱ्या डिलिव्हरी नोटवर त्याने मला नकाशाच काढून दिला.

वरून खाली जाड रेघ, ती महारोहिणी. साधारण बेंबीच्या पातळीला, कमरेच्या तिसऱ्या मणक्यासमोर, तिला एक बारीक फांदी फुटते: आतड्याची खालची रोहिणी. जाडी जेमतेम चार-पाच मिलिमीटर. मोठ्या आतड्याचा डावीकडचा, खालचा भाग आणि गुदाशयाचा वरचा भाग हिच्यावर पोसला जातो. पुस्तकातल्या चित्रात ती शिस्तीत वाटली जाते: एक उपफांदी वर डावीकडे, मग दोन ते चार त्याच खालच्या भागातल्या नागमोडी आतड्याकडे, उरलेली सरळ खाली.

माणसात मात्र ही शिस्त क्वचितच तशीच्या तशी सापडते. कुणात डावी फांदी स्वतंत्र निघते, कुणात ती आणि नागमोडी आतड्याची फांदी एकाच खोडातून. कुणात सगळ्या एकाच जागी फुटतात, पंजाच्या बोटांसारख्या. आणि थोड्या लोकांत ती डावी फांदी नसतेच! तरी ही माणसं जेवतात, पचवतात, म्हातारी होतात. त्यांना कधी कळतही नाही.

याचं मूळ गर्भात आहे. सुरुवातीला महारोहिणीतून आतड्याकडे कितीतरी बारीक वाहिन्या जातात. मग बहुतेक विरून जातात आणि मोजक्याच उरतात. कोणती विरेल, कोणती टिकेल, यात प्रत्येक गर्भाचा थोडा आपला हिशेब असतो.

मला खरं थक्क केलं ते भावाने आतड्याच्या कडेने ओढलेल्या एका वेड्यावाकड्या रेघेने. ही काठाची रोहिणी. लहान आतडं आणि मोठ्या आतड्याचा उजवा भाग पोसणारी वरची मोठी रोहिणी आणि ही खालची, दोघींना ती जोडते. म्हणूनच खालची रोहिणी हळूहळू बुजली, तर वरचं रक्त काठाकाठाने खाली उतरून आतडं जिवंत ठेवू शकतं. अशा वेळी ही आडवाट फुगून जाड, नागमोडी होते.

पण काही जागी वाट अरुंद असते. प्लीहेजवळ मोठं आतडं खाली वळतं, तिथे काहींत ही साखळी फार बारीक असते, क्वचित तुटलेलीही. 1956 साली ग्रिफिथ्स यांनी त्या जागेकडे लक्ष वेधलं. खाली गुदाशयाजवळच्या अशाच एका जागेबद्दल जर्मन सर्जन सुडेक यांनी 1907 मध्येच सावध केलं होतं. पुढे तिथलं रक्त बहुतेकांत पुरतं असं दिसलं, तरी सर्जन आजही सुडेक हे नाव विसरत नाहीत.

गुदाशयाचा कॅन्सर काढताना ही खालची रोहिणी कुठेतरी बांधावीच लागते. मुळाशी बांधायची की डावी फांदी वाचवून तिच्या खाली, हे त्या माणसाच्या फांद्या कशा आहेत यावरही ठरतं. म्हणून आधी सीटी अँजिओग्राफीत त्या पाहून ठेवता येतात. पूर्वी, आणि आजही, सर्जन आतड्याचा पातळ पडदा दिव्यासमोर धरतो. पिवळसर चरबीत लाल रेघा उजळतात. बोटाला ठोके लागतात का, कापलेल्या कडेतून ताजं रक्त येतं का, हे तो पाहतो.

आता आणखी एक सोय आहे. शिरेतून हिरवा रंग सोडायचा आणि ऑपरेशनचे दिवे मंद करून खास कॅमेरा लावायचा. मॉनिटरवर आधी सगळं काळं असतं. थोड्याच वेळात काठाच्या वाटेवर चमक उगवते, छोट्या सरळ फांद्यांतून आतड्याच्या भिंतीत उतरते, पुढे सरकत जाते आणि एका जागी थांबते. त्यापुढे अंधार. “तिथे पेनने खूण करायची,” भाऊ म्हणाला, “आणि उजेडाच्या बाजूला कापायचं.”