उसाची गाडी आणि थंडीची रात्र

दिवाळी सरते, गव्हाणीत मोळी पडते आणि कारखान्याचे धुराडे रात्रंदिवस पेटते राहते. तुमचा ऊस रात्री रस्त्यावर असतो, आणि त्याच रस्त्याने मोटारसायकलीवरून तुमच्याच घरातले कोणीतरी परतत असते. नदीकाठी पहाटे धुके उतरते. लोंबणाऱ्या उसाने ट्रॉलीचा मागचा दिवा झाकला जातो. म्हणूनच हंगामाच्या तोंडावर अनेक ठिकाणी कारखाने आणि परिवहन खाते ऊस वाहतुकीच्या चालकांची शिबिरे घेतात. तिथले धडे घरातल्या सर्वांनी समजून घेण्याजोगे आहेत.

पहिला धडा वेगाचा. ताशी ४० किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईतो एवढे अंतर सहज सरते. भरलेली गाडी थांबते ती त्याच्याही पुष्कळ पुढे. धुक्यात जेवढे दिसते तेवढ्यात थांबता यावे, इतकाच वेग ठेवावा. दिवा डिपरवर असावा. अप्परचा झोत धुक्यावरून उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो.

दुसरा धडा ट्रॅक्टरचा. रस्त्यावर ब्रेकची दोन्ही पायडले खटक्याने जोडून घ्यावीत. एकच दाबले गेले, तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. उतारावर गिअर काढू नये. ओझे मागून रेटते आणि इंजिनाचा अटकाव राहत नाही.

तिसरा धडा बंद पडलेल्या गाडीचा. ती रस्त्याच्या कडेला घ्यावी, मागे बऱ्याच अंतरावर इशाऱ्याची खूण ठेवावी. इतरांना धोका होईल अशी गाडी सोडून जाणे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याला मान्य नाही. चाकाला लावलेले दगड मात्र निघताना आठवणीने उचला. अंधारात तेच दुसऱ्याच्या जिवावर उठतात.

शेतकरी बंधूंनो, यात तुमचाही वाटा आहे. ऊस वाळून वजन घटेल म्हणून रात्रभर नंबरात ताटकळलेल्या ड्रायव्हरला लगेच दुसऱ्या खेपेला पिटाळू नका. त्याला दोन तास डोळा लागू द्या. अपघात दिसलाच तर १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत येते.

आज फडातून गाडी निघण्यापूर्वी एकदा मागे जाऊन बघा. रिफ्लेक्टर चिखलाने माखला असेल, तर तो पुसूनच गाडी सोडा.