ठसका रोजचाच झाला, तर गिळणे तपासून घ्या

जेवताना ठसका लागला की पाठीवर थाप पडते, ‘कोणीतरी आठवण काढली’ असे घरातले म्हणतात आणि जेवण पुढे सुरू होते. निरोगी माणसाला कधीतरी लागणाऱ्या ठसक्याचे महत्त्व एवढेच. परंतु लकवा झालेले वडील, मान न धरणारे मूल किंवा थकलेली आजी यांना रोजच्या जेवणात ठसका लागत असेल, तर तो इशारा समजावा. अन्न किंवा पाणी वाट चुकून फुप्फुसाकडे जाऊ लागले आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. गिळण्याचा त्रास तपासता येतो आणि पुष्कळ वेळा सुधारतोही, हे आपल्या भागात अजून अनेकांना ठाऊक नाही. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

गिळताना काय घडते?

कंठमण्यावर हलकेच बोट ठेवून आवंढा गिळून पाहा. कंठमणी झटकन वर जाऊन खाली येतो. त्या सेकंदभरात बरीच कामे उरकतात. जीभ घास मागे ढकलते. मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. स्वरयंत्र वर सरकते, त्यावरचे झाकण मिटते, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. यातले एखादे काम जरी उशिरा झाले, तरी घास श्वासनलिकेत शिरू शकतो.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आजाऱ्याला भाकरी जड आणि पाणी हलके असा आपला समज असतो. मेंदूच्या किंवा नसांच्या आजारात मात्र पाणी, चहा, ताक हेच गिळायला अवघड जाते. पातळ पदार्थ वेगाने घसरतो आणि झाकण मिटण्याआधीच आत जातो. दाटसर पदार्थ सावकाश सरकतो, त्यामुळे घशाला वेळ मिळतो.

लकव्यानंतरचा पहिला घोट

लकवा झालेल्या जवळपास निम्म्या रुग्णांना पहिल्या काही दिवसांत गिळण्याचा त्रास होतो. बहुतेकांचा तो काही आठवड्यांत कमी होतो. पण त्याच दिवसांत पाहायला आलेली माणसे प्रेमाने चहा पाजतात, पडल्या पडल्या तोंडात चमच्याने पाणी घालतात. ते पाणी फुप्फुसात उतरले की न्यूमोनिया होतो आणि लकव्यातून वाचलेला माणूस न्यूमोनियाने जातो. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये. शुद्धीवर असलेल्या रुग्णालाही गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही देऊ नये.

माझ्याकडे एक पासष्टीचे शेतकरी आले होते. लकव्यानंतर घरी आल्यावर दोन महिन्यांत त्यांना तीनदा ताप आणि छातीत कफ झाला होता. दर वेळी औषधाने बरे वाटे आणि पुन्हा तेच. त्यांच्या सुनेने सहज सांगितले, “बाबा दुधात कुस्करलेली भाकरी नीट खातात, पण चहा पिल्यावर आवाज घोगरा होतो.” निदानाचा धागा त्या एका वाक्यात होता. आम्ही त्यांना पातळ पदार्थ बंद करून दाटसर आहार सुरू केला, बसवून जेवायला घातले आणि स्पीच थेरपिस्टकडे पाठवले. तीन महिन्यांनी ते पुन्हा कपाने चहा घेऊ लागले. छातीचा ताप परत आला नाही.

कोणत्या खुणा पाहाव्यात?

खाता-पिताना ठसका किंवा खोकला, प्यायल्यावर आवाज ओलसर किंवा घोगरा होणे, गालात घास साठून राहणे, तोंडातून लाळ गळणे, नाकातून पाणी येणे, एका जेवणाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणे, वजन घटणे आणि छातीत वारंवार कफ होणे. काही रुग्णांच्या घशाची संवेदनाच गेलेली असते. त्यांच्या फुप्फुसात अन्न जाते तरी खोकला येत नाही. म्हणून ठसका नाही म्हणजे सगळे ठीक, असे समजू नये.

तपासणी कशी होते?

पहिली तपासणी खाटेजवळच होते आणि तिला यंत्र लागत नाही. रुग्ण जागा आहे का, ताठ बसू शकतो का, सांगितल्यावर जोराने खोकतो का, हे पाहतात. मग चमचाभर पाणी देऊन कंठमणी वर जातो का ते बोटाने चाचपतात आणि ‘आ’ म्हणायला लावून आवाज ऐकतात. हे जमले तर साधारण ९० मिलिलिटर पाणी न थांबता प्यायला देऊन खोकला किंवा ओला आवाज येतो का ते बघतात. ही परीक्षा जाणकारानेच घ्यावी, घरी प्रयोग करू नये.

शंका उरली तर बेरियम मिसळलेले अन्न देऊन क्ष-किरणांखाली गिळण्याचे चित्रीकरण करतात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा प्रत्यक्ष पाहतात. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात आधी दाखवावे. पुढे कुठे जायचे ते तेथील डॉक्टर सांगतील. स्पीच थेरपिस्ट फक्त बोलायला शिकवतात असे लोकांना वाटते. बोलण्याचे आणि गिळण्याचे स्नायू बरेचसे तेच असल्याने गिळण्याचे व्यायामही तेच शिकवतात. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत असे तज्ज्ञ तयार होतात.

स्वयंपाकघरातला उपचार

उपचाराचा मोठा भाग घरातच होतो. रुग्णाला ताठ बसवावे, हनुवटी थोडी छातीकडे ठेवावी. लहान चमचा वापरावा आणि एक घास गिळल्याची खात्री करूनच दुसरा द्यावा. भरवणाऱ्याने समोर, रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे. जेवताना टीव्ही बंद, गप्पा बंद. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये.

दाट वरण, ज्वारीची घट्ट पेज, रव्याची खीर, घट्ट दही, कुस्करलेले केळे हे पदार्थ चालतात. आपले वांग्याचे भरीतसुद्धा चालते, मात्र मिरची व शेंगदाणे न घालता आणि एकजीव घोटून. शेवभाजीसारखा पदार्थ टाळावा, कारण त्यात पातळ रस्सा आणि कोरडी शेव एकदम तोंडात येतात आणि कमजोर घशाला दोन्ही एकाच वेळी सांभाळता येत नाहीत. दाटपणा किती हवा ते प्रत्येक रुग्णासाठी वेगळे असते, ते तज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे.

दाट आहारात पाणी कमी पडते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा लघवी कमी किंवा गडद होते का याकडे लक्ष ठेवावे. दोन वेळा दात, जीभ आणि हिरड्या स्वच्छ कराव्यात. अस्वच्छ तोंडातली लाळ फुप्फुसात गेली तरी न्यूमोनिया होतो. गोळी कुटून देण्याआधी डॉक्टरांना विचारावे, सगळ्याच गोळ्या कुटून चालत नाहीत. काही काळ नाकातून नळीने अन्न द्यावे लागले तर घाबरू नये. घसा सुधारेपर्यंत पोषण चालू ठेवण्याची ती सोय आहे.

लहान मुलांच्या बाबतीत

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बाळाला गर्भाच्या साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळांना म्हणूनच नळीने किंवा वाटी-चमच्याने दूध द्यावे लागते. दूध पिताना घाम येणे, मध्येच थांबून धापा टाकणे, निळे पडणे किंवा नाकातून दूध येणे ही लक्षणे डॉक्टरांना लगेच दाखवावीत. नाकातून दूध येत असेल तर टाळू मागेपर्यंत टॉर्चने पाहावा लागतो. ओठ चांगला असूनही टाळूला फट असू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. फाटलेला ओठ व टाळू या व्याधींचा त्यात समावेश आहे आणि उपचार मोफत होतात.

बाळाला पायांवर आडवे घेऊन, नाक दाबून बोंडल्याने दूध किंवा औषध पाजण्याची रीत सोडून द्यावी. रडणारे बाळ श्वास घेते तेव्हा तोंडातले दूध सरळ आत जाते. मेंदूच्या आजारामुळे मान न धरणाऱ्या मुलाची मान मागे टाकून घास ओतू नये. त्याला टेकून बसवावे आणि डोके किंचित पुढे धरावे.

घास छातीत अडकत असेल तर

हा प्रकार वेगळा. आधी भाकरी अडकते, म्हणून माणूस पोळीवर येतो, पोळी अडकली की खिचडीवर, मग पेजेवर. घरचे म्हणतात, “वय झाले.” असे टप्प्याटप्प्याने वाढत गेलेले अडकणे अन्ननलिकेच्या कर्करोगाचे असू शकते. तंबाखू व दारू घेणाऱ्यांनी तर एक आठवडाही थांबू नये, दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. चुकून ॲसिड प्यायल्यावरही काही आठवड्यांनी अन्ननलिका आकसते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी-गुटख्याने तोंड आखडलेले तरुण अजून येतात. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर व्यसन त्याच दिवशी बंद करून तोंड दाखवावे.

आपल्या घरात असा रुग्ण असेल तर आठवडाभर एका वहीत लिहून ठेवा. काय खाल्ले, किती वेळ लागला, कशाने ठसका लागला, आवाज बदलला का, ताप आला का. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. घरातल्या माणसाने केलेल्या नोंदीवरून आम्हाला निदानाची वाट लवकर सापडते.