योद्धा घडवताना : शौर्य नेमकं कुठून येतं?



मागच्या वेळी आपण ॲरिस्टॉटलच्या मध्यममार्गाबद्दल बोललो. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की हे सगळं पुस्तकात ठीक आहे, पण शौर्य नावाची गोष्ट आमच्यासारख्या निवृत्त माणसांनी तपासून बघायची कुठे? ना रणांगण, ना तलवार. आज त्या प्रश्नाकडे मी जरा वेगळ्या बाजूनं येणार आहे. टेबलावर बसून खेळायच्या एका खेळाच्या बाजूनं.

माझी नात आणि तिचे मित्र रविवारी दुपारी आमच्या दिवाणखान्यात 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. वर्षभर मी त्यांना चहा पुरवला. मग एकदा एक गडी कमी पडला आणि नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही बसा. तुम्हाला फायटर देतो, सोपा असतो." सोपा असतो, हे तिचं म्हणणं कितपत खरं, ते पुढे कळेलच.

खेळ आहे काय?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. दोघंही छोट्या पुतळ्यांच्या फौजा मांडून लढाया खेळणारे. त्यांनी केलेला बदल वरवर लहान दिसतो, पण फार मोठा आहे. फौजेऐवजी प्रत्येकानं एकच माणूस चालवायचा. एक जण डंजन मास्टर होतो, म्हणजे जग आणि संकटं तो सांगतो. बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात. जमलं की नाही, हे फासे ठरवतात. अशी महिनोन्‌महिने चालणारी एक सलग गोष्ट म्हणजे कॅम्पेन.

पहिल्या आवृत्तीत पात्रांचे तीनच वर्ग होते : लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे दैवी शक्तीनं जखमा बऱ्या करणारा. आज लढणाऱ्यांचेच अनेक प्रकार आहेत. मी जे आकडे सांगणार आहे ते २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतले. २०२४ मध्ये तिची सुधारित पुस्तकं आली, तपशील थोडे बदलले, पण आपला मुद्दा तोच राहतो.

तीन योद्धे, तीन उत्तरं

योद्धा निवडायचा म्हटलं की मुख्यतः तीन नावं समोर येतात : फायटर, बार्बेरियन आणि पॅलाडिन. मुलं विचारतात, यातला भारी कोण? मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, माझा प्रश्न वेगळा होता. यातल्या प्रत्येकाचं धैर्य येतं कुठून?

फायटरचं धैर्य तालमीतून येतं. त्याला कोणतंही शस्त्र, कोणतंही चिलखत चालतं. दुसऱ्या पातळीला तो एका खेपेत जादा कृती करू शकतो, पाचव्या पातळीला दरवेळी दोन वार करतो. त्याच्यात चमत्कार काही नाही, आहे तो सराव.

बार्बेरियनचं धैर्य संतापातून येतं. संतापला की साध्या शस्त्रांची इजा त्याला निम्मीच होते आणि त्याचा वार जास्त जोरात बसतो. पण त्यात एक सुंदर नियम आहे. एका खेपेपासून पुढच्या खेपेपर्यंत त्यानं कोणावर वारही केला नाही आणि स्वतः मारही खाल्ला नाही, तर संताप आपोआप उतरतो. रागाला खाद्य लागतं, हे नियम करणाऱ्यांनी बरोबर ओळखलं.

पॅलाडिनचं धैर्य शपथेतून येतं. तिसऱ्या पातळीला तो एक व्रत घेतो आणि त्याची पुढची बरीच ताकद त्या व्रताशी बांधलेली असते. ते मोडलं तर काय, याचाही विचार पुस्तकात केलेला आहे.

आता गंमत बघा. 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'च्या तिसऱ्या भागात ॲरिस्टॉटल शौर्यासारखे दिसणारे, पण खरं शौर्य नसलेले पाच प्रकार सांगतो. नागरिकाचं शौर्य, जे मानासाठी आणि लाजेपोटी येतं. अनुभवी शिपायाचं शौर्य, जे कसबातून येतं. संतापाचं शौर्य. आशावादी माणसाचं शौर्य, आपण नेहमी जिंकतो म्हणून आलेलं. आणि अज्ञानाचं, धोकाच कळला नाही म्हणून आलेलं. यातले पहिले तीन आपल्या पॅलाडिन, फायटर आणि बार्बेरियनच्या फार जवळ आहेत. अनुभवी शिपायाबद्दल तो एक कडू गोष्ट सांगतो : संकट आवाक्याबाहेर गेलं, शत्रू संख्येनं जास्त झाला, की सगळ्यात आधी हाच पळतो, कारण हिशेब त्यालाच कळतो. हे वाक्य मी वर्गात बऱ्याच वर्षांपासून शिकवत होतो. त्याकडे आपण परत येऊ.

आकडे मांडताना

प्रत्येक पात्राला सहा गुण असतात : ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. मूळ पद्धत अशी, की सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे आणि येईल ते घ्यायचं. अठरा पडण्याची शक्यता २१६ मध्ये एक. आता बरेच जण ठरलेले सहा आकडे घेतात : १५, १४, १३, १२, १०, ८. ते कुठे ठेवायचे, ही निवड तुमची.

मी १५ ताकदीला दिले, १४ काटकपणाला, १३ शहाणपणाला, १२ चपळाईला, १० छापेला. उरलेले ८ बुद्धीला. "तत्त्वज्ञानाच्या प्रोफेसरांनी बुद्धीला आठ दिले!" म्हणून मुलं पोट धरून हसली. पण फायटरला बुद्धीचा उपयोग फारसा होत नाही. शिवाय माणूस निवडला की प्रत्येक गुणात एकाची भर पडते, त्यामुळे ताकद १६ झाली आणि तिचे ३ गुण प्रत्येक वारात मिळू लागले.

मग शस्त्राचा प्रश्न. ढाल-तलवार घ्यावी की दोन्ही हातांनी पेलायची मोठी तलवार? इथे गणित करायलाच हवं. साखळीचं चिलखत १६ संरक्षण देतं, ढाल २, आणि बचावाची शैली निवडली तर आणखी १. एकूण १९. खेळात गोब्लिन नावाचे काटक, खुजे राक्षस असतात. गोब्लिन वीस बाजूंचा फासा टाकून त्यात ४ मिळवतो. संरक्षण १९ असेल तर त्याला १५ किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे शंभरात ३० वार लागतात. ढालही नाही आणि बचावाची शैलीही नाही, तर ४५.

आता दुसरी बाजू. गोब्लिनला सात हिट पॉइंट असतात. वार लागला, तर एका हातातली तलवार त्याला आठपैकी पाच वेळा आडवा करते. मोठी तलवार छत्तीसपैकी तेहतीस वेळा. म्हणजे ढाल तुम्हाला टिकवते आणि मोठी तलवार लढाई लवकर संपवते. दोन्ही बरोबर आहे. ठरवायचं ते बाकीचे काय घेऊन आलेत ते बघून. आमच्यात एक जादूगार, एक तिरंदाज आणि माझ्या नातीची क्लेरिक. तिघांच्या पुढे उभं राहणारं कोणीतरी हवं होतं. मी ढाल घेतली. नव्या खेळाडूला माझा पहिला सल्ला हाच : पात्र एकट्यानं घरी बसून बनवू नका, टेबलावर सगळ्यांसमोर बनवा.

प्लेटोच्या 'लाखेस' या संवादात एका शस्त्रनिपुण माणसाची गोष्ट येते. त्यानं कोयता आणि भाला एकत्र करून नवं हत्यार बनवलं होतं. जहाजावरच्या लढाईत ते दुसऱ्या जहाजाच्या दोरखंडांत अडकलं. तो ओढतोय, जहाज पुढे चाललंय, शेवटी हत्यार सुटलं आणि दोन्ही जहाजांवरचे लोक हसले. विचित्र शस्त्राचा मोह पडला की मला ती गोष्ट आठवते.

कागदावरचं एक वाक्य

कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या कागदावर, आकड्यांखाली काही रिकाम्या चौकटी असतात : स्वभाव, आदर्श, बंध, दोष. बहुतेक जण या घाईत भरतात. मीही भरल्या. माझ्या फायटरचं नाव सुभान. बंधाच्या चौकटीत मी लिहिलं, 'जो माझ्याबरोबर लढला, त्याला मी मागे टाकून जात नाही.' वाक्य छान वाटलं. लिहायला अर्धं मिनिट लागलं असेल.

पाच महिन्यांनी आम्ही एका भुयारात अडकलो. सुभान तिसऱ्या पातळीला होता, एकूण २८ हिट पॉइंटचा. त्यातले चार उरलेले. दम परत मिळवायची सोय वापरून झालेली. समोर तीन गोब्लिन. नातीची क्लेरिक माझ्या शेजारच्या चौकोनात पडलेली. शून्यावर आलेल्या पात्राला दर खेपेला वीस बाजूंचा फासा टाकावा लागतो. दहा किंवा वर पडलं तर यश, खाली पडलं तर अपयश. तीन यशं आधी आली तर जगतं, तीन अपयशं आली तर संपतं. तिची दोन अपयशं झाली होती आणि खेप माझी होती.

मी मनात हिशेब केला. तीन गोब्लिन, प्रत्येकी तीस टक्के. एक तरी वार लागण्याची शक्यता सुमारे ६६ टक्के, आणि लागला तर मी बहुधा पडणार. मी पडलो तर मागच्या दोघांना कोण वाचवणार? मी म्हणालो, "सुभान मागे हटतो." नातीनं फासा टाकला. सहा पडले.

टेबलावर कोणी काही बोललं नाही. खेळ आवरला. कप उचलताना तिनं एवढंच विचारलं, "आजोबा, मग ते वाक्य लिहिलंत कशाला?"

रात्री मी कागद घेऊन बसलो. पडलेल्या सोबत्याला प्रथमोपचार करून मरणापासून थांबवता येतं, फाशावर शहाणपणाचे गुण धरून एकूण दहा हवेत. माझ्या शहाणपणाचे २ गुण होते, म्हणजे आठ पडले तरी पुरे. शक्यता ६५ टक्के. आणि मी पडलो असतो तरी लगेच मेलो नसतो, मलाही तेच फासे मिळाले असते. आकडे जवळजवळ सारखे होते, मंडळी. पळण्याचा हिशेब मी केला. थांबण्याचा केलाच नाही.

म्हणजे ॲरिस्टॉटलचा तो अनुभवी शिपाई मीच. माझ्या बाजूनं युक्तिवाद करता येईल, नाही असं नाही. 'लाखेस'मध्येही सेनापती लाखेस म्हणतो, जागा न सोडणं म्हणजे शौर्य, आणि सॉक्रेटिस त्याला दाखवून देतो, की मागे हटत हटतही शौर्यानं लढता येतं. निकियास म्हणतो, कशाला भ्यावं आणि कशाला भिऊ नये याचं ज्ञान म्हणजे शौर्य. व्याख्या शेवटपर्यंत हाती लागत नाही. पण एवढं खरं, की माघार शहाणपणाची होती की भीतीची, हे मी काय मोजलं आणि काय मोजलं नाही यावरून कळतं. भीती हिशेबाची एकच बाजू मांडते.

मग योद्धा घडवायचा कसा?

आकडे नीट मांडा. त्यात कमीपणा नाही. दुबळा योद्धा इतरांचाही जीव धोक्यात घालतो. पण बंधाच्या चौकटीत वाक्य लिहिताना स्वतःला विचारा, हे पाळायला मला काय द्यावं लागेल? हिट पॉइंट, सोनं की पात्राचा जीव? ज्याची किंमत शून्य, ते वाक्य लिहू नका. लिहिलंत तर डंजन मास्टरला वाचून दाखवा, म्हणजे तो प्रसंग तुमच्यासमोर आणेल. आणि छोट्या प्रसंगांपासून ते पाळत जा. सद्गुण कृती करून करून अंगी येतात, हे ॲरिस्टॉटलचं म्हणणं सुभानलाही लागू आहे. पाच महिन्यांत मी ते वाक्य एकदाही वापरलं नव्हतं, मग त्या भुयारात ते मला कसं आठवणार?

तुम्ही म्हणाल, खेळच तर होता. होय, आणि म्हणूनच तपासता आलं. खऱ्या आयुष्यात अशा प्रसंगानंतर आपण स्वतःला कितीतरी कारणं सांगतो. इथे आकडे कागदावर होते आणि समोर नात बसली होती.

तिनं आता नवीन पात्र केलंय, पॅलाडिन. मुलं म्हणाली, आजोबा, तुम्हीही नवा करा. मी नाही म्हटलं. सुभान अजून आहे. बंधाचं वाक्य मी खोडलेलं नाही. खाली दोषाच्या चौकटीत भर घातली आहे, 'एकदा टाकून गेलो आहे.' ते वाचून दाखवल्यावर डंजन मास्टरनं वहीत काहीतरी टिपून घेतलं. काय ते अजून सांगत नाही.

पुढच्या वेळी आपण 'लाखेस' सविस्तर वाचू.