विरोधात ९४ मते पडली होती

हिटलर लोकशाही मार्गानेच निवडून आला आणि जर्मन संसदेत त्याच्याविरुद्ध कुणी ब्रही काढला नाही, हे विधान व्याख्यानांत आणि लेखांत इतक्या वेळा येते की ते तपासण्याची गरजच कुणाला वाटत नाही. ते निम्मे दिशाभूल करणारे आहे आणि निम्मे साफ खोटे. नोव्हेंबर १९३२च्या निवडणुकीत नाझींना ३३.१ टक्के मते मिळाली, म्हणजे आधीच्या जुलैपेक्षा कमी. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला तो राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी नेमले म्हणून. त्याच्यापाशी बहुमत नव्हते. पुढे संसदभवनाला आग लागली, नागरी हक्क स्थगित झाले, कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. अशा दहशतीत ५ मार्चला झालेल्या निवडणुकीतही नाझी ४३.९ टक्क्यांवरच थांबले.

आता ‘ब्र’ची गोष्ट. २३ मार्च १९३३ रोजी बर्लिनच्या क्रोल ऑपेरागृहात संसद भरली. संसदेला वगळून कायदे करण्याचा अधिकार सरकारला देणारे विधेयक पुढे होते आणि सभागृहात गणवेशातले नाझी स्वयंसैनिक उभे होते. त्यांच्या देखत सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष ओटो वेल्स बोलायला उठले. स्वातंत्र्य आणि प्राण तुम्ही हिरावून घ्याल, आमची अब्रू नाही, असे त्यांनी सुनावले. हिटलर संतापून उत्तर द्यायला पुन्हा व्यासपीठावर आला. संसदेच्या अधिकृत नोंदीनुसार बाजूने ४४४ आणि विरोधात ९४ मते पडली. ती सर्व ९४ मते वेल्स यांच्या पक्षाची होती. त्यांचे आणखी २६ सदस्य आणि सर्व ८१ कम्युनिस्ट अटकेमुळे, परागंदा झाल्यामुळे किंवा अन्य कारणांनी मतदानाला पोहोचूच शकले नाहीत.

यावर आक्षेप येतो की हे १०७ जण हजर असते तरी विधेयक संमत झालेच असते. हिशेब बरोबर आहे. पण त्यातून निघणारा दोष वेगळ्यांच्या माथी जातो. नाझी आणि त्यांचे राष्ट्रवादी मित्र मिळून ६४७पैकी ३४० होते, सगळे हजर असते तर विधेयकाला हव्या असलेल्या दोन-तृतीयांश बहुमतासाठी लागले असते ४३२. ही तूट कॅथलिक सेंटर पक्षाने आणि लहान मध्यममार्गी पक्षांनी भरून काढली. ‘कुणी ब्रही काढला नाही’ म्हटले की या पक्षांची जबाबदारी पुसली जाते आणि नकार देणाऱ्यांचे धैर्यही.

वेल्स यांना देश सोडावा लागला. जूनमध्ये त्यांच्या पक्षावर बंदी आली, ऑगस्टमध्ये त्यांचे नागरिकत्व काढून घेतले गेले. १६ सप्टेंबर १९३९ रोजी पॅरिसमध्ये ते वारले.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. हिटलर राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला नव्हता. एप्रिल १९३२मध्ये हिंडेनबुर्ग यांनी त्याला हरवले होते. पक्षाच्या नावात ‘समाजवादी’ होते म्हणून नाझी समाजवादी ठरत नाहीत. त्यांच्या पहिल्या छळछावण्यांत कम्युनिस्ट आणि समाजवादीच मोठ्या संख्येने डांबले गेले. आणि संसदेने एकमताने सत्ता दिली असे कुणी पुन्हा म्हणाले, तर त्यांना हा ९४चा आकडा जरूर सांगा.